अंबडला बनवून घेतलेला स्ट्रीम टेबल: गाळ आणि समुद्राचा तळ दोन्ही शिकवणारी वस्तू

आधीच सांगून टाकते, तुम्ही भूगोल शिकवत असाल आणि वर्गाच्या मागे एक मोठं टेबल मावेल एवढी जागा असेल तर हा स्ट्रीम टेबल, म्हणजे वाळू आणि पाणी वाहवून नदी आणि समुद्र दाखवणारा ट्रे, बनवून घ्याच. त्यात त्रुटी आहेत, त्या सगळ्या खाली लिहिते, पण फळ्यावर त्रिकोण काढून त्याला त्रिभुज प्रदेश म्हणणं वेगळं आणि पोरांच्या डोळ्यांसमोर वाळू वाहत येऊन, पाण्यात पडून, फाटे फुटत फुटत पसरत जाणं वेगळं. एकदा बघितलेलं पोरं विसरत नाहीत, परीक्षेत तर नाहीच नाही.

मी नाशिकला ज्युनिअर कॉलेजला शिकवते. रेडिमेड स्ट्रीम टेबल मिळतात पण ते बाहेरून मागवायचे म्हणजे किंमत आणि वाहतूक दोन्ही परवडत नाही, म्हणून अंबड एमआयडीसीतल्या एका फायबरच्या वर्कशॉपला स्केच घेऊन गेले. तिथं पाण्याच्या टाक्या, कूलरच्या बॉड्या, बाथरूमचे दरवाजे असलं काम चालतं. तिथल्या काकांनी स्केच बघून पहिलाच प्रश्न विचारला, "मॅडम, पाणी कुठून येणार ते कळलं, पण जाऊन थांबणार कशात ते सांगा ना, खोल किती, रुंद किती, तळ सरळ का तिरपा?" मला तो प्रश्न इतका आवडला की पुढच्या सगळ्या वर्गांची सुरुवात मी त्यानेच करते. कारण आपण नदीबद्दल भरपूर बोलतो, गाळ किती, उतार किती, वेग किती, आणि नदी ज्या समुद्राला मिळते त्याच्या तळाबद्दल एक वाक्य बोलत नाही.

पुस्तकातलं वाक्य सगळ्यांना पाठ असतं, पूर्ववाहिनी नद्या त्रिभुज प्रदेश तयार करतात आणि पश्चिमवाहिनी नद्या वेगाने वाहतात म्हणून करत नाहीत. हे चूक नाही पण अर्धंच आहे, आणि नाशिककरांना तर ते जास्त खटकायला पाहिजे. त्र्यंबकच्या डोंगरात एका बाजूला पडलेला पाऊस गोदावरीतून १४६५ किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागराला मिळतो आणि राजमहेंद्रीच्या खाली एवढा मोठा त्रिभुज प्रदेश बांधतो, तिथूनच जवळ उगम पावलेली वैतरणा पश्चिमेला उतरून विरारच्या वरच्या अंगाला खाडीतून अरबी समुद्राला मिळते आणि तिथं त्रिभुज प्रदेश नाही. दिंडोरीकडून निघणारी दमणगंगा, तीही तशीच. वैतरणा आणि दमणगंगेचं वेगाने आणि कमी लांबीने समजावता येतं, ठीक आहे. पण मग नर्मदा? ती १३०० किलोमीटर वाहते, गाळही भरपूर आणते, भडोचजवळ तर संथ सपाट होऊन जाते, तरी तिच्या मुखाशी गोदावरीसारखं काही नाही. तापीचंही तेच. मग नुसता वेग कसा काय कारण होईल? त्याचं उत्तर खंभातच्या आखाताच्या आकारात आहे, आणि ते उत्तर हा टेबल दाखवतो, म्हणूनच मला त्याबद्दल एवढं लिहावंसं वाटतंय.

आता वस्तू कशी आहे ते. साधारण पाच फूट लांब, अडीच फूट रुंद फायबरचा ट्रे, खाली लोखंडी अँगलची फ्रेम, चाकं लावलेली. वरच्या बाजूला पाइपातून पाणी येतं, त्यावर व्हॉल्व्ह. त्याच्या शेजारी वाळूचा डबा, खाली फट असलेला, फट कमी-जास्त करता येते म्हणजे पाणी तेवढंच ठेवून वाळू वाढवता किंवा कमी करता येते. हे वेगवेगळं करता येणं फार गरजेचं आहे, नाहीतर पाणी वाढलं म्हणून झालं का गाळ वाढला म्हणून झालं ते कळतच नाही. खालचा दोन फुटांचा भाग म्हणजे समुद्र. त्याचा तळ काढता-घालता येतो, एक फायबरची प्लेट आहे ती खुंट्यांवर वर बसवली की उथळ समुद्र, काढून टाकली की खोल, आणि एका बाजूने उचलून बसवली की उतरता तळ. शिवाय दोन अॅक्रेलिकच्या उभ्या पट्ट्या, त्या बाजूने बसवल्या की समुद्र अरुंद होतो, तिरप्या बसवल्या की नरसाळ्याच्या आकाराचं आखात तयार होतं. समुद्राची पातळी ठरवायला कोपऱ्यात एक वाकणारा पाइप, तो खाली वाकवला की पातळी खाली, वर केला की वर. खाली बादली आणि कूलरचा पंप, पाणी फिरत राहतं. बस, एवढंच आहे.

सगळ्यात आधी गाळाचा प्रयोग. पाणी एका धारेत ठेवा आणि डब्याची फट वाढवा. वाळू जास्त झाली की धार ती उचलू शकत नाही, मग नदीचा तळ भरत येतो, उतार वाढतो, एकाच धारेच्या दोन-तीन-चार धारा होतात, बेटं उठतात, आणि समोरचा किनारा समुद्रात सरकत जातो. आता फट जवळजवळ बंद करा. धारा एकत्र होतात, पाणी स्वतःच टाकलेल्या वाळूत खोल खणत जातं आणि तीच वाळू उचलून पुढे एका टोकाला नेऊन टाकतं. म्हणजे गाळ कमी झाला की त्रिभुज प्रदेश लगेच थांबत नाही, काही काळ तो स्वतःलाच खाऊन पुढे वाढल्यासारखा दिसतो, हे मला फळ्यावर कधीच नीट समजावता आलं नसतं.

धारा जागा कशा बदलतात तेही याच वेळी दिसतं. एक धार पुढे पुढे जाते, लांब होते, लांब झाली की उतार कमी होतो, तळ भरतो, आणि मग अचानक वरच्या बाजूला कुठेतरी काठ फुटून पाणी बाजूच्या जवळच्या वाटेने समुद्रात जातं. जुना फाटा कोरडा पडतो. हे घडताना पोरं अक्षरशः ओरडतात. मिसिसिपीने गेल्या काही हजार वर्षांत अशीच आपली वाट बदललीये, दर हजार-दीड हजार वर्षांनी नवीन बाजूला. आता ती अचाफलाया नदीच्या वाटेने जायला बघते म्हणून अमेरिकेने १९६३ पासून तिथं मोठी दारं बांधून पाण्याची वाटणी अडवून धरलीये. आणि चीनच्या ह्वांग हो ने तर १८५५ मध्ये मुखच बदललं, शान्तुंग द्वीपकल्पाच्या दक्षिणेचं मुख सोडून उत्तरेला बोहाईच्या समुद्रात गेली.

पण इथपर्यंतचं नुसत्या मातीच्या ढिगावर पाइप सोडूनही दाखवता येतं. खरी किंमत वसूल होते ती तळाच्या प्लेटमुळे.

प्लेट वर ठेवून, म्हणजे समुद्र उथळ करून, एक डबा वाळू सोडा. बघता बघता मोठा पसारा तयार होतो. मग सगळं साफ करून प्लेट काढा आणि तेवढाच डबा, तेवढंच पाणी. आता किनारा हलतच नाही म्हणावं लागेल, वाळू पडते आणि खाली जाते, पडते आणि खाली जाते, पाण्याबाहेर एक छोटा तुकडा. हिशोब सोपा आहे, वाळू तेवढीच आणि खोली दुप्पट म्हणजे दिसणारी जमीन साधारण निम्मी. पोरांनी आलेखाच्या कागदावर दोन्ही कडा काढून चौकोन मोजले तर ते जवळपास जुळतंच, थोडा फरक पडतो तो पुढच्या उताराला लागणाऱ्या वाळूमुळे.

याची खरी उदाहरणं सांगायला लागलं की थांबवत नाही. अमेरिकेत लुईझियानात अचाफलायाच्या उथळ उपसागरात, जिथं खोली जेमतेम २-३ मीटर, तिथं पुराचं पाणी काढायला १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला एक कालवा खणला, वॅक्स लेक आउटलेट. त्या कालव्याच्या तोंडाशी कुणी न सांगता त्रिभुज प्रदेश तयार व्हायला लागला आणि १९७३ च्या पुरानंतर तो पाण्याबाहेर दिसायला लागला. आणि तिथून थोड्याच अंतरावर मिसिसिपीचं आत्ताचं मुख, ते समुद्रबूड जमिनीच्या कडेला खोल पाण्यापर्यंत जाऊन पोचलंय, म्हणून ते जाड, अरुंद, पक्ष्याच्या पायासारखं. दोन्हीकडे पाणी-गाळ एकाच नदीचा, पण तळ वेगळा म्हणून आकार वेगळा! काँगोचं तर टोकाचं उदाहरण, समुद्राखालची दरी सरळ नदीच्या मुखातच शिरलेली आहे, गाळ किनाऱ्याला थांबतच नाही, दरीतून थेट खोल समुद्रात जातो. एवढी प्रचंड नदी आणि मुखाशी म्हणावा असा त्रिभुज प्रदेश नाही. आपल्याकडे गंगा-ब्रह्मपुत्रा मिळून वर्षाला १ अब्ज टनांच्या घरात गाळ आणतात, तिथंही समुद्राखाली तशीच एक मोठी घळ आहे आणि गाळाचा बराच वाटा तिच्यातून घसरून बंगालच्या उपसागराच्या तळावर पसरतो. तो पसारा सुमारे ३००० किलोमीटर लांब आहे, श्रीलंकेच्याही खाली जातो. नकाशावर आपण जो सुंदरबनाचा हिरवा भाग बघतो तो त्या सगळ्या गाळाचा नुसता वरचा भाग.

आता अॅक्रेलिकच्या पट्ट्या. त्या समांतर बसवून समुद्र अरुंद केला तर त्रिभुज प्रदेश दोन्ही बाजूंना अडतो आणि एका चालीने पुढे सरकत राहतो. पट्ट्या काढून मोकळा समुद्र दिला तर सुरुवातीला तो झपाट्याने वाढतो आणि मग मंदावतो, वाळू तेवढीच येत असूनसुद्धा. कारण कड जितकी बाहेर जाते तितकी ती लांब होते, मग तीच वाळू जास्त लांबीच्या कडेवर वाटली जाते. हे दोन आलेख एकाच कागदावर काढायला लावा, एक जवळपास सरळ रेष आणि दुसरी वाकत जाणारी. माझ्या वर्गात ज्यांना गणित आवडतं पण भूगोल कंटाळवाणा वाटायचा ती पोरं इथं पुढे आली.

आणि मग नरसाळं. पट्ट्या तिरप्या लावा, रुंद तोंड समुद्राकडे, अरुंद टोक नदीकडे, आणि रुंद बाजूने एक लाकडी फळी हळूहळू पुढे-मागे करा. पाणी आत शिरतं तेव्हा पट्ट्या जवळ येत जातात तसं ते चढत जातं, रुंद बाजूला थोडंसंच हललेलं पाणी अरुंद टोकाला चांगलंच वर येतं आणि तितक्याच जोरात परत जातं. खंभातच्या आखातात हेच होतं, भावनगरला भरती-ओहोटीतला फरक १० मीटरच्या वर जातो, तीन मजली घराएवढं पाणी दिवसातून दोनदा वर-खाली. नर्मदा-तापीने आणलेला गाळ त्या ये-जा मध्ये एका जागी बसूच शकत नाही, तो आखातात लांबट पट्ट्यांत ओढला जातो, मुखं रुंद नरसाळ्यासारखी राहतात. गोदावरीच्या मुखाजवळ, काकिनाड्याला हाच फरक दीड मीटरच्या आसपास. आता सांगा, यात नदीच्या वेगाचा संबंध किती आणि समुद्राच्या आकाराचा किती. माझ्या मते 'पश्चिमवाहिनी म्हणून त्रिभुज प्रदेश नाही' असं लिहिणाऱ्या पोराला अर्धेच मार्क द्यावेत आणि खंभातचा आकार लिहिणाऱ्याला पूर्ण.

लाटांचा प्रयोग त्याच फळीने होतो, पट्ट्या काढून. लाटा समोरून मारल्या की पुढे आलेलं टोक बोथट होतं, किनारा गुळगुळीत होतो. तिरक्या मारल्या की वाळू एका बाजूला सरकते आणि शेजारी एक बारीक दांडा वाढायला लागतो. हा दांडा तयार झाला की मी वर्ग थांबवून मोबाईलवर गोदावरीच्या मुखाचा सॅटेलाइट फोटो दाखवते. गौतमी फाट्याच्या मुखापासून उत्तरेकडे गेलेला वाळूचा लांब दांडा, त्याच्या मागे शांत पाण्याचा काकिनाडा उपसागर आणि कोरिंगाची खारफुटी. टेबलावर आत्ता जे झालं तेच, फक्त कित्येक किलोमीटर मोठं. नदी, लाटा आणि भरती यातलं कोण वरचढ आहे त्यावरून त्रिभुज प्रदेशांची वर्गवारी गॅलोवे या शास्त्रज्ञाने १९७५ मध्ये केली, ती त्रिकोणी आकृती आता जगभर शिकवतात, आमच्या पोरांना ती टेबलावरून आधी कळते आणि आकृती नंतर बघतात. लाटा आणि भरती किती जोरात येणार हेही पुन्हा समुद्राच्या आकारावरच, बंदिस्त समुद्रात वाऱ्याला धावायला जागा कमी म्हणून लाटा लहान, मोकळ्या महासागरापुढे मोठ्या. अॅमेझॉन गाळाच्या बाबतीत जगात पहिल्या काही नद्यांत, पण लाटा, भरती आणि किनाऱ्यालगतचा प्रवाह मिळून तिचा गाळ वायव्येला गयानाच्या किनाऱ्याकडे ओढून नेतात, उरलेला बराचसा पाण्याखालीच साठतो. नुसता गाळ मोजून आकार सांगता येत नाही तो असा.

एक गोष्ट मात्र जवळून दाखवलीच पाहिजे अशी. वाळू सोडताना थोड्या थोड्या वेळाने त्यात रंगीत रांगोळी मिसळायची, एकदा लाल, मग पांढरी, मग निळी. नाशिकला रविवार कारंजावर मिळते ती साधी रांगोळी चालते, फार बारीक असेल तर वाहून जाते म्हणून जरा जाडसर बघून घ्या. त्रिभुज प्रदेश पूर्ण झाला की पाणी हळूच काढायचं, वाळू ओलसर असतानाच मधोमध स्टीलची पट्टी उभी घालायची आणि एका बाजूची वाळू काढून टाकायची. आत रंगांचे थर! वरचे जवळपास आडवे, मधले चांगलेच तिरपे, तीसेक अंशांत, समुद्राकडे कललेले, आणि खाली तळाला पातळ आडवे. गिल्बर्ट नावाच्या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने १८८० च्या दशकात आटून गेलेल्या बॉनव्हिल सरोवराच्या काठच्या खडी-वाळूत हीच रचना बघून मांडली, म्हणून तिला त्याचंच नाव आहे. तिरप्या थरांची उंची म्हणजे साधारण त्या जागेच्या पाण्याची खोली, म्हणजे हजारो वर्षांनी समुद्र किंवा तळं नसलं तरी थर बघून तळ किती खोल होता ते सांगता येतं. मी उथळ आणि खोल दोन्ही कापून शेजारी शेजारी ठेवायला लावते, उथळमध्ये तिरपे थर बुटके आणि लांबवर, खोलमध्ये उंच आणि थोडेच. तळाचा आकार वाळूत लिहिलेला दिसतो.

वाळूऐवजी काळी माती वापरून बघा. आपल्या भागात तिची कमी नाही. ती मुखाशी पडत नाही, अख्ख्या समुद्रभर गढूळ होते आणि दुसऱ्या दिवशी येऊन बघितलं तर तळावर सगळीकडे पातळ साय. जाड गाळ मुखाशी, बारीक गाळ लांब, हे एका रात्रीत समजतं.

धरणांचा भाग मी मुद्दाम शेवटी घेते कारण तो नाशिकच्या पोरांच्या घरचा आहे. डब्याची फट पूर्ण बंद करायची, पाणी आणि लाटा चालू ठेवायच्या. किनारा मागे यायला लागतो, आधी टोकं जातात, मग सगळी कड. नाईलवर आस्वानचं मोठं धरण १९७० मध्ये पूर्ण झालं आणि रोझेटा फाट्याच्या मुखाशी किनारा मागे हटत गेला. गोदावरीवर आपल्याकडे वरूनच सुरुवात, गंगापूर धरण १९६५, पैठणला जायकवाडी १९७६, दारणा तर त्याच्याही कितीतरी आधीचं, पुढे तेलंगणात श्रीरामसागर. गोदावरी मुखापर्यंत नेत असलेला गाळ १९७० च्या दशकात वर्षाला साधारण १५ कोटी टन होता तो १९९० च्या दशकात ६ कोटी टनांच्या खाली आला आणि त्याच काळात मुखाजवळच्या किनाऱ्याची झीज नोंदली गेली. यात प्रामाणिकपणे एक सांगावं लागतं, खालच्या गोदावरीत येणाऱ्या पाण्यात आणि गाळात प्राणहिता, इंद्रावती, शबरी यांचा वाटा फार मोठा आहे, नाशिकच्या गाळामुळेच तिकडचा किनारा टिकतो असं पोरांना सांगू नका. पण पावसाळ्यात दुतोंड्या मारुती (गोदाकाठची मूर्ती, पूर किती आला ते तिच्यावरून मोजतात) कुठपर्यंत बुडाला हे विचारणाऱ्या गावाला त्या लालसर पाण्यातली माती पुढे कुठे जाते हे माहीत असावं एवढं नक्की.

ती माती बघायला लांब जायचीही गरज नाही. निफाडजवळ नांदूर मध्यमेश्वर आहे, गोदावरी आणि कादवाच्या संगमावरचा ब्रिटिशकालीन बंधारा. त्याच्या मागे गाळ साठत साठत पाणी उथळ झालं, बेटं उठली, पाणवनस्पती आल्या, पक्षी आले, २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. सगळे तिथं पक्षी बघायला जातात, बघावेतच, पण एकदा गाळ बघायला जा. नदी थांबलेल्या पाण्यात शिरली की काय टाकते, उथळ तळात किती लवकर जमीन वर येते, फाटे कसे फुटतात, आमच्या टेबलातल्या वरच्या प्लेटचा प्रयोगच तिथं चालू आहे. टेबल आधी दाखवून मग तिकडे सहल नेली तर पोरं मनोऱ्यावरून बेटं मोजायला लागतात, कुठली धार नवी कुठली जुनी त्यावर भांडतात.

आता तक्रारी. कूलरचा पंप हा या टेबलाचा सगळ्यात कच्चा भाग आहे, वाळूचा बारीक कण गेला की तो कुरकुरतो आणि बंद पडतो. बादलीत आणखी एक छोटी बादली ठेवून, गाळ आधी तिच्यात बसू देऊन वरचं पाणी पंपाला द्या, म्हणजे टिकतो. व्हॉल्व्ह त्यांनी साधा बॉल व्हॉल्व्ह दिला होता, तो एकतर उघडा नाहीतर बंद, मधलं काही धड जमत नाही, बारीक धार हवी तर गेट व्हॉल्व्ह सांगा. वाकणाऱ्या पाइपाच्या जॉइंटमधून पाणी झिरपत होतं, परत नेऊन दाखवल्यावर त्यांनी काही न बोलता नीट करून दिलं, पण टेबल टेंपोत घालून परत न्यायचा ताप झालाच, तेव्हा ताब्यात घेण्याआधी तिथंच पाणी भरून तासभर ठेवून बघा. फ्रेमला रेड ऑक्साइड मारून मग ऑइलपेंट हवा, नुसता पेंट पावसाळ्यात पापुद्रे सोडतो. आणि वाळूचा डबा, ऑगस्टमधल्या दमट हवेत वाळू आतच बसून राहते, पोरांना दांडीने टकटक करत बसावं लागतं, त्यामुळे गाळ एकसारखा येत नाही. वाळू आदल्या दिवशी उन्हात पसरून घ्या किंवा हे प्रयोग दिवाळीनंतर ठेवा. क्रश सँड आणू नका, तिच्यात दगडाची धूळ फार, पाणी दुधाळ होतं आणि काही दिसत नाही, प्लॅस्टरची चाळलेली नदीची वाळू दोन-तीन घमेली मिळाली तरी वर्षानुवर्षं पुरते.

टेबल काय दाखवू शकत नाही तेही सांगते, कारण विद्यार्थ्यांना चुकीचं वाटून जायला नको. खऱ्या त्रिभुज प्रदेशाचा पाण्याखालचा उतार बहुतेक ठिकाणी एका अंशापेक्षाही कमी असतो, टेबलावरचा तीस अंशांचा उतार हा जाड वाळूचा आहे, गोदावरीच्या चिखलाचा नाही. दुसरं, आपल्या समुद्रात मीठ नाही. खऱ्या समुद्रात गोडं पाणी हलकं म्हणून खाऱ्या पाण्यावर तरंगत लांब जातं आणि चिकणमातीचे कण मिठामुळे एकमेकांना चिकटून गुठळ्या होऊन लवकर खाली बसतात. यासाठी वेगळा प्रयोग करा, दोन काचेचे ग्लास, दोन्हीत चिमूटभर मुलतानी माती ढवळा, एकात मीठ. मिठाचा ग्लास आधी निवळतो, तासाभरात फरक दिसतो. काही खर्च नाही आणि टेबलातली उणीव भरून निघते. भरतीही फळीने हाताने आणायची म्हणजे अंदाजाचाच मामला, त्यावरून आकडे काढू नका, फक्त दिशा बघा.

किमतीचं म्हणाल तर फायबर, फ्रेम, प्लेट, पट्ट्या सगळं धरून आम्हाला चांगल्या प्रोजेक्टरपेक्षा बराच स्वस्त पडला. वर्कशॉपवाल्यांना नुसतं 'स्ट्रीम टेबल' सांगून उपयोग नाही, त्यांनी तो आधी बनवलेला नसतो, तुम्हीच मापं काढून न्या. तळाची प्लेट काढता येणारीच हवी आणि खुंट्यांची भोकं निदान तीन उंचींवर हवीत हे कागदावर लिहून द्या, ते शेवटी विसरलं जातं आणि मग भोकं पाडताना फायबर तडकतं. पट्ट्या चार मिलिमीटरच्या घ्या, दोनच्या वाकतात. शक्य असेल तर एक बाजू अॅक्रेलिकची पारदर्शक करून घ्या, आमची नाही, त्यामुळे थर बघायला दर वेळी कापावंच लागतं, पुढचा टेबल बनवताना मी तेच पहिलं सांगणार आहे. आणि धुताना वाळूचं पाणी बेसिनमध्ये सोडू नका, एका मोठ्या टबात रात्रभर बसू द्या, वरचं पाणी झाडांना घाला आणि खालची वाळू वाळवून परत डब्यात भरा.